कंपाउंडरचं निदान

आमच्या घरात थर्मामीटरपेक्षा बोक्यावर जास्त विश्वास. हसायचं असेल तर खुशाल हसा. दहा वर्षं आम्ही याच रीतीनं काढली आणि एकदाही पस्तावलो नव्हतो.

बोक्याचं नाव कंपाउंडर. ते सासूबाईंनी ठेवलं. एरवी हा प्राणी इतका शिष्ट की हाक मारली तर कान हलवून ऐकू आल्याची पोच देणार, पण जागचा हलणार नाही. कुणाच्या मांडीवर बसणं म्हणजे त्याला कमीपणा. पण घरात कुणी आजारी पडलं की स्वारी कपाटावरून खाली उतरायची, त्या माणसाच्या अंगावर जाऊन बसायची आणि त्याला बरं वाटेपर्यंत उठायची नाही. सासूबाईंच्या पोटावर, उजव्या बाजूला, दोन दिवस ठाण मांडून बसला होता. त्या म्हणत होत्या गॅस झालाय. मी जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं, तर अपेंडिक्स फुटायच्या बेतात. तेव्हापासून त्यानं कुणाच्या अंगावर मुक्काम ठोकला की आम्ही निमूट डॉक्टरकडे जायचो. सासूबाई गेल्या तेव्हाही शेवटचे आठ दिवस तो त्यांच्या पायांवर होता.

एकदाच तो चुकला असं मला वाटलं होतं. लेक कॉलेजात असताना तिच्याजवळ चार दिवस बसून राहिला, आणि तिला ना ताप ना खोकला. पाचव्या दिवशी कळलं की बाईसाहेब नापास झाल्यात आणि सांगायची हिंमत होत नाहीये. म्हणजे नुसतं मन दुखत असलं तरी याला कळतं, हे मला तेव्हाच समजलं होतं. समजलेलं ऐनवेळी आठवलं नाही, त्याला काय करणार.

माझ्या अंगावर मात्र तो दहा वर्षांत कधी बसला नाही, कारण माझी तब्येत ठणठणीत. मी कपडे दुरुस्त करते. उसवलेलं शिवायचं, मोठं लहान करायचं, आणि रफू. मशीन घरातच, पुढच्या खोलीत. माझा रफू असा की कुठं फाटलं होतं ते कपड्याच्या मालकाला शोधून सापडू नये. आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान, दोन रस्ते पलीकडे. माणूस सालस, बोलणं बेताचं. गिऱ्हाईक भांडायला आलं तरी हे भिंग पुसत ऐकून घेणार. दोघांपुरतं मीच बोलते म्हणून आमचा संसार टिकला, असं मी लोकांना हसत सांगायचे. आमचं लग्न होऊन सत्तावीस वर्षं झाली.

तर यंदा, एका मंगळवारी, हे दुकानातून दुपारीच घरी आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. कंपाउंडरनं कपाटावरून एकदा बघितलं, खाली उतरला आणि सरळ ह्यांच्या मांडीवर. माझ्या हातातली सुई हातातच राहिली.

"काय होतंय तुम्हाला?" मी विचारलं.

"काही नाही गं. दमलोय."

नुसता दमलेला माणूस, आणि मांडीवर कंपाउंडर? मी काय काल जन्मलेय? दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त आणि लघवी. तिसऱ्या दिवशी ईसीजी. मग छातीचा फोटो, मग पोटाची सोनोग्राफी. सगळं व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या मिस्टरांना काही झालेलं नाही." मी म्हटलं, "मग बोका का उठत नाही?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढची तपासणी माझ्याच नावानं लिहितात की काय.

पण मला डॉक्टरचं पटेना. रोज संध्याकाळी तेच. हे खुर्चीत, तो मांडीवर, दोघंही खिडकीबाहेर बघतायत. सासूबाईंचे शेवटचे आठ दिवस माझ्या डोळ्यांसमोर यायला लागले. हा माणूस जाणार, लेक परगावी, आणि मी घरात एकटी मशीन हाकत बसणार, या एकाच विचारानं मला ग्रासलं होतं. मी खरंच घाबरले होते. मी, जी झुरळाला हातानं उचलून बाहेर टाकते.

मग मी जे केलं ते सगळ्या जगानं बघितलं. सकाळी जाऊन ह्यांचं दुकान उघडायचे, आलेल्या गिऱ्हाइकांची कामं लिहून ठेवायचे, दुपारी घरी येऊन ह्यांना सूप द्यायचे, मग माझं शिवण. रेडिओ बंद. मशीनचा आवाज नको म्हणून निम्मं काम हातानं. तीन आठवडे मी या घरात आवाज चढवला नाही, आणि मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, ही काही साधी गोष्ट नाही. एका संध्याकाळी पाय चेपत होते तेव्हा ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"फार दुखतंय का?" मी विचारलं.

"हो," हे म्हणाले.

"कुठं?"

ह्यांनी छातीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी दुसरा डॉक्टर गाठला. त्यालाही काही सापडलं नाही.

चौथ्या आठवड्यात हे जरा सावरले आणि अर्धा दिवस दुकानात जायला लागले. त्याच दिवसांत मला एका बाईंचा फोन आला. कोट लहान करून हवाय, म्हणाल्या, आत फीत सापडली, त्यावर तुमचा नंबर आहे. ही माझी खोड. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक कपड्यात, अस्तराच्या आतल्या शिवणीत, मी नखाएवढी फीत घालते, त्यावर माझा फोन नंबर. कपडा पुन्हा कधी उसवला तर घेऊन या, एवढाच हेतू. ह्यांना ही फीत ठाऊक नसणार. कपड्याला अस्तर असतं हेच ह्यांना ठाऊक नाही.

बाई आल्या. पस्तिशी-चाळिशीतल्या, बोलायला गोड. पिशवीतून कोट काढला आणि मी लगेच ओळखला. राखाडी, जाड लोकरीचा. दोन वर्षांपूर्वी ह्यांनीच आणून दिला होता. उजव्या कोपराला कसर लागली होती आणि मी तीन संध्याकाळी डोळे फोडून तो भरला होता. "दुकानातलं गिऱ्हाईक आहे," हे म्हणाले होते. "शाळेत शिकवतात. एकट्या असतात. जरा नीट कर हं." त्या शाळेतल्या बाईंचे कपडे नऊ वर्षं येत होते माझ्याकडे. कधी बाही, कधी चेन, कधी खिसा. बाई मी कधी बघितली नाही, पण खांद्याची रुंदी विचारा, कमर विचारा, तोंडपाठ. मी ह्यांना चिडवायचेसुद्धा, की बाई शिकवतात की झाडावर चढतात? हे हसायचे.

"ताईचा आहे," त्या बाई म्हणाल्या. "माझी मोठी बहीण. मागच्या महिन्यात गेली. तिची आठवण म्हणून मला वापरायचाय, पण माझ्या अंगात ढगळ होतो."

मी म्हटलं, अरेरे. पाण्याचा पेला दिला. मग त्या माझ्याकडे बघून हसल्या. "तुम्ही चष्मेवाल्यांच्या बहीण ना? ताई सांगायची, त्यांची बहीण शिवते म्हणून. पण तुम्ही तर चांगल्या दिसताय. मला वाटलं होतं, अंथरुणावर असाल."

माझा हात टेपकडे गेला होता, तो तिथंच थांबला.

"मला काय झालंय, असं सांगितलं होतं तुम्हाला?" मी विचारलं.

"हृदयाचं ना? ते फार काळजी करायचे तुमची. नाहीतर केव्हाच लग्न झालं असतं दोघांचं. पण बहिणीला एकटं टाकवत नाही म्हणायचे, आणि ताईनं कधी हट्ट केला नाही. तुमच्यावर राग नाही धरला हं तिनं. उलट म्हणायची, असा भाऊ मिळायला नशीब लागतं." बाईंनी डोळे पुसले. "शेवटचे दोन महिने रोज दुपारी दवाखान्यात यायचे. पेपर वाचून दाखवायचे तिला. मंगळवारी ती गेली तेव्हा तिचा हात त्यांच्याच हातात होता."

दोन महिने रोज दुपारी हे काचांचा माल बघायला जात होते. मला तसंच सांगितलं होतं, आणि मी डबा भरून देत होते.

"कसे आहेत ते आता?" बाईंनी विचारलं. "तुमच्या भावाला जपा. फार खचलेत."

मला त्यांना सांगता आलं असतं. जीभ काही माझी लहान नाही. पण बाई बिचारी रडत होती, आणि माझ्या तोंडातून निघालं, "बरा आहे भाऊ." सत्तावीस वर्षांच्या नवऱ्याला मी माझ्या तोंडानं भाऊ म्हटलं. मग उठून बाईंची मापं घेतली. खांद्याला दोन्हीकडून अर्धा इंच, कमरेला दीड. गुरुवारी या, म्हटलं.

त्या गेल्यावर मी कोट उलटा करून मशीनवर टाकला आणि ब्लेड घेतलं. कोपराचा तो रफू मला उसवून टाकायचा होता, बाकी काही नाही. तीन संध्याकाळींचं काम, धागा धागा ओढून काढायचं होतं. उजेडात धरला, बोटं फिरवली, भिंग लावलं. मला माझाच रफू सापडेना. मग मी रडले. मोठ्यानं रडले, कारण आता घरात शांतता ठेवायची काही गरज नव्हती.

एका मेलेल्या बाईसाठी हा माणूस शोक करत होता आणि मी त्याला सूप पाजत होते. बाहेर कुणी आहे एवढंच असतं तर मी भांडले असते, भांडी आपटली असती, माहेरी गेले असते. पण त्यानं स्वतःचं सुतक माझ्याकडून पाळून घेतलं. मी पाय चेपले. मी डॉक्टरांच्या दारोदार हिंडले. फार दुखतंय का म्हणून मी विचारलं, आणि तो 'हो' म्हणाला, आणि मला चेपू दिलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

हे पाचच्या सुमाराला आले. कोट मशीनवर पसरलेला होता. ह्यांनी तो बघितला, चप्पल पायातच ठेवून उभे राहिले, मग खुर्चीत जाऊन बसले. ताकास तूर न लागू देणारा माणूस, पण चेहरा पांढरा पडला.

"बहीण आली होती तिची," मी म्हटलं. "माझ्या हृदयाची चौकशी करत होती."

ह्यांनी आता वाकून चपला काढल्या.

"नऊ वर्षं मी तिचे कपडे शिवले."

"तू फार चांगलं शिवतेस," हे म्हणाले. एवढंच सुचलं त्या माणसाला. मग हळूच म्हणाले, "मी सांगणार होतो."

"कधी? मी मेल्यावर? की मी आधीच अंथरुणावर आहे म्हणून काही घाई नव्हती?"

"तिला तुझ्याबद्दल वाईट वाटायचं," हे म्हणाले.

"आणि तुम्हाला?"

ह्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. गिऱ्हाईक भांडायला आलं की भिंग पुसतात तसा. मी मशीनच्या स्टुलावर बसले. छातीत असं दुखत होतं की वाटलं, ह्यांनी तिला माझ्या हृदयाचं जे सांगितलं होतं ते आता खरंच होतंय.

तेवढ्यात कंपाउंडर कपाटावरून उतरला.

मी मांडीवरच्या चिंध्या झटकल्या. साडीचा घोळ सारखा केला. दहा वर्षांत माझ्यावर ही वेळ आली नव्हती, आता आली होती, आणि मला कुणीतरी हवं होतं. तो सरळ माझ्याकडे आला. माझ्या पायाचा वास घेतला, मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. "ये," मी म्हटलं. "ये रे बाळा." त्या बोक्याला मी जन्मात कधी बाळा म्हटलं नव्हतं.

तो वळला. खोली ओलांडून खुर्चीकडे गेला आणि ह्यांच्या मांडीवर चढून बसला. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, पण मी त्याला दहा वर्षं माझ्या हातानं खाऊ घातलंय. कुणाला जास्त दुखतंय ते त्यानं बघून ठरवलं, आणि तो चुकत नाही, हे या घरात सगळ्यात आधी मीच म्हणत आलेय. माझा सगळा संसार त्या कोटाबरोबर उलटा होऊन पडला होता, तरी ह्यांचं दुःख माझ्यापेक्षा मोठं. तिच्यासाठीचं.

"त्याला खाली ठेवा," मी म्हटलं.

"तोच आलाय गं," हे म्हणाले.

"खाली ठेवा त्याला."

ह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो तसाच ठेवून खिडकीबाहेर बघत राहिले.