बूच मारलेली नळी

मित्रांनो, चाकणच्या एका कारखान्यात बॉयलरच्या मागे एक आडवी, लांबलचक लोखंडी टाकी आहे. तिला कंडेन्सर म्हणतात. तिच्या पोटात आम्ही शेकडो बहिणी दाटीवाटीने राहायचो. त्यांतलीच मी एक, तांब्याची नळी.

आमच्या आतून थंड पाणी वाहायचे आणि बाहेरून कारखान्यातली वापरलेली वाफ येऊन बिलगायची. तांब्यातून उष्णता झटकन पार होते. वाफेची उष्णता मी आतल्या पाण्याला द्यायचे आणि वाफ थेंब होऊन खाली ठिबकायची. ते स्वच्छ पाणी पुन्हा बॉयलरला जायचे.

"तांब्याला तोड न्हाई, मॅडम!" बॉयलर सांभाळणारे सोपानराव इंजिनिअर विजयश्री मॅडमना सांगायचे. मी सुखावायचे.

पण आतले पाणी बोअरवेलचे, क्षारांचे. माझ्या आत थर चढत गेला. मॅडम साफसफाईसाठी एक दिवस मशीन बंद ठेवू म्हणायच्या, वरच्या साहेबांचे उत्तर यायचे, "एवढी ऑर्डर जाऊ द्या." त्या थराने उष्णता अडवली. माझे तांबे असून नसल्यासारखे झाले. थराखाली मी कुरतडले गेले आणि एके दुपारी मला भोक पडले.

त्यातून क्षारांचे पाणी बाहेरच्या थेंबांत आणि तिथून बॉयलरच्या पाण्यात मिसळू लागले. तिथेही थर साचून बॉयलर फुटायची भीती! मॅडमनी कुणाला न विचारता कारखाना थांबवला. सोपानरावांनी मला शोधले आणि दोन्ही तोंडांत बूच ठोकले.

"एका नळीवाचून काय अडत न्हाई," ते म्हणाले.

खरेच अडले नाही. शेजारच्या बहिणींमधून पाणी खळाळत राहिले. माझ्या भोकातून वाफ आत शिरायची, पण तिला गारवा कुठून देणार? ती तशीच कोंडून राहायची. एवढ्या गर्दीत मी एकटी पडले.

पुढे बहिणीही गळू लागल्या. आम्हाला काढून सहज न कुरतडणाऱ्या स्टीलच्या नळ्या बसवल्या.

"स्टील उष्णता दमानं घेतंय," सोपानराव हळहळले.

"म्हणून तर नळ्या पातळ घेतल्या आणि संख्याही वाढवली," मॅडम म्हणाल्या. "पण थर साचला तर त्यांचंही हेच होणार. यापुढे साफसफाईचा दिवस म्हणजे मशीन बंद. मी कुणाचं ऐकणार नाही."

मित्रांनो, ज्याच्याकडून राबवून घेता, त्याला कधीतरी थांबवून आतून पुसा.

मी आता भंगारात पडून आहे. लवकरच भट्टीत जाईन. तिथे तांबे तांब्यात मिसळेल आणि कुठली नळी गळकी होती, हे कुणालाच कळणार नाही.