वजनात कमी

"उतरू नकोस, एल्डन! हेल्मेटसुद्धा काढू नकोस. तसाच बस," पर्ल ओरडली. "काटा अजून हलतोय."

एल्डन होलुबला उतरायची घाई नव्हतीच. वीसेक वर्षं तो याच जुन्या निळ्या मस्टँगमधून शर्यती पळत होता आणि आज आयुष्यात पहिल्यांदा पहिला आला होता. घामाने डोळे चुरचुरत होते, पण माणूस खूश होता. गाडीची चारही चाकं वजनाच्या चार पाटांवर चढवलेली, आणि समोर शर्यतीतल्या गाड्यांची वजनं तपासणारी पर्ल काट्याच्या हातातल्या डबीवरचा आकडा बघत उभी. कुंपणापलीकडे नेब्रास्कातला मका डोक्याएवढा उभा होता आणि ऊन नुसतं भाजून काढत होतं.

आता या शर्यतींचा उफराटा न्याय सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इथे येतात ती सगळी आपापली कामं सांभाळून येणारी माणसं. कुणी छपरं घालतो, कुणी बँकेत बसतो. आठवडाभर राबून मिळवलेलं सगळं इंजिनात ओतायचं, त्याची ताकद वाढवायची, आणि मग तीच ताकद मानगुटीला धरून खाली बसवायची! कारण नियमच तसा. गाडीत जेवढी ताकद, तेवढ्या प्रमाणात वजन पाहिजे. ताकद ठरल्यापेक्षा जास्त भरली तर बाद, वजन कमी भरलं तरी बाद. आणि वजन करायचं ते शर्यत संपल्या संपल्या, चालकाला आत बसवून. मर्यादेच्या अगदी कडेवर इंजिन आणून ठेवायचं आणि तिथून तसूभर पुढे जाऊ द्यायचं नाही, यातच सगळी कलाकुसर.

एल्डनच्या गाडीची ती कलाकुसर त्याच्या बायकोची होती. डोरीन. गावच्या शाळेत मुलांना क्लॅरिनेट शिकवायची आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून इंजिनाच्या मेंदूत काय काय भरत बसायची. कुठल्या वेगाला किती पेट्रोल, ठिणगी कधी, हवेची झडप किती उघडायची. एल्डन नट आवळायचा, डोरीन सूर लावायची. "तुझं बोट लागलं की माझं गणित बिघडतं," असं म्हणून ती त्याला लॅपटॉपजवळ फिरकूसुद्धा द्यायची नाही. आजारात केस गेले, उभं राहणं गेलं, तरी उशीला टेकून तिने शेवटचा सूर लावला. त्यानंतर ती गेली आणि वर्षभर गाडी कापडाखाली झाकून होती. कापड काढल्यावरची ही पहिलीच शर्यत.

"कमी भरतंय," पर्ल म्हणाली.

"किती?"

"चाळीस पौंडांच्या वर."

"शक्यच नाही!"

"मलाही नाही वाटत. उतरव गाडी, मी काटे शून्यावर आणते. परत चढव."

मागे रांगेत दुसरा आलेला गस ब्राट आपल्या लाल कॅमेरोतून डोकं बाहेर काढून बघत होता. त्याचा आवाज म्हणजे कर्णा. "काय गं पर्ल, काटा प्यायलाय का?"

"काटा नाही पीत. मी पिते, आणि तेही काम संपल्यावर. तू गप बस."

परत चढवली. परत तेवढंच.

आता मात्र गस उतरून आला. एल्डन बाद झाला तर पहिला नंबर त्याचाच होता, पण ते त्या बापड्याच्या डोक्यातसुद्धा आलं नसावं. तो सरळ गुडघ्यांवर बसून बॅटरीच्या उजेडात गाडीखाली बघायला लागला. "शिशाची पाटी गळून पडली असेल रे. बोल्ट तुटला की जाते. माझी एकदा तिसऱ्या वळणावर गेली होती, मागच्याच्या काचेवर बसली."

शेजारच्या सीटच्या जागी, तळाला, शिशाच्या पाट्या बोल्टने आवळलेल्या होत्या. वजन भरून काढायला सगळेच लावतात. गसने एकेक मोजली, हलवून पाहिली. सगळ्या जागच्या जागी.

"पेट्रोल?"

"नेहमीएवढंच उरलंय," एल्डन आतूनच म्हणाला.

"चाकं हलकी घातलीस? बॅटरी बदललीस?"

"अरे, गाडीत एक नट बदललेला नाही! डोरीन होती तेव्हा होती तश्शी आहे."

"मग काल वजन केलंस तेव्हा काय भरलं होतं?"

एल्डन जरा चपापला. "काल नाही केलं."

"नाही केलं? अरे शहाण्या, काल दिवसभर काटा फुकट उघडा होता!"

"गाडीला हातच लावलेला नाही, तर वजन कशाचं करू?"

गसने मान डोलावली. त्यांच्या जगात हा युक्तिवाद बिनतोड होता. गाडी बदलली की वजन करायचं, नाही बदलली की नाही करायचं. पर्ल आणि गस त्या निळ्या गाडीकडे बघत राहिले, जणू तिनेच कुठेतरी काहीतरी लपवून ठेवलं होतं.

"ये बाहेर," शेवटी पर्ल म्हणाली. "सीटखाली बघू."

एल्डनने पट्ट्यांचं कडं फिरवलं आणि खिडकीतून एक पाय बाहेर काढला. त्याला हात द्यायला गस वाकला, आणि पट्टे हातात धरून तसाच थांबला. आवळून उरलेली पट्ट्यांची टोकं एल्डनच्या मांडीवरून पार खाली लोंबत होती.

"ही एवढी लांब कधीपासून झाली रे?" गसने विचारलं, आणि विचारता विचारता त्याचा कर्ण्यासारखा आवाज बसला.

एल्डन बाहेर उभा राहिला. तोच जुना शर्यतीचा झगा, कमरेला डोरीनने शिवलेली पट्टी. पण खांदे दंडावर उतरले होते आणि कमरेशी कापडाच्या चुण्या पडल्या होत्या. पर्लने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ती त्याला लग्नाच्या आधीपासून ओळखत होती.

"गाडीतलं काही कमी झालेलं नाही, एल्डन," ती म्हणाली. "कमी झालायस तो तू."

"मी?" एल्डन हसला. "काहीतरीच काय!"

पर्लने त्याच्या कमरेशी पडलेली कापडाची चुणी चिमटीत धरली.

"जेवतोस की नाही रे?"

"जेवतो की."

जेवत होता, नाही असं नाही. डोरीन गेल्यावर पहिले काही आठवडे चर्चमधल्या बायका झाकलेली भांडी दाराशी ठेवून जायच्या. मग ती भांडी धुऊन परत गेली आणि यायची बंद झाली, त्यात कुणाची चूक नाही. त्यानंतर तो मोरीपाशी उभ्या उभ्याच डब्यातलं सूप प्यायचा, चार बिस्किटं खायचा. टेबलावर बसायचं म्हणजे समोरच्या खुर्चीकडे बघायचं, ते त्याला जमत नव्हतं. घरात आरसा होता, पण तो दाढीपुरता. अंगातून एवढा माणूस निघून गेला आणि आपल्याला पत्ताच लागला नाही, या लाजेने त्याला चार माणसांत मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मग दुसरा विचार आला, तो त्याहून वाईट. आज वळणांतून गाडी फुलपाखरासारखी निघत होती. त्याला वाटलं होतं, ही डोरीनची करामत. शेवटच्या फेरीत गसला मागे टाकलं तेव्हा तो हेल्मेटमध्ये मोठ्याने तिच्याशी बोललाही होता. ती करामत तिची नव्हतीच की काय? गाडी नुसती हलकी होती?

"मी बाद, हे कळलं," तो पर्लला म्हणाला. "लिही तसं. पण गाडी रोलरवर चढवा."

"बाद झालेल्याची ताकद मोजायची गरज नसते."

"मला आहे."

पर्लने गसकडे पाहिलं. गस म्हणाला, "चढव गं. माझा नंबर थांबेल."

रोलर म्हणजे जमिनीत बसवलेले दोन जाड रूळ. मागची चाकं त्यांवर ठेवायची, गाडी साखळ्यांनी बांधायची आणि जागच्या जागी जीव तोडून पळवायची, की पडद्यावर ताकदीची रेघ उमटते. ते यंत्र घेऊन ओमाहाहून आलेला कोल्टन तिशीचा, गोरागोमटा, अदबशीर गडी होता. त्याने साखळ्या ओढल्या आणि गाडी पळवली. निळी मस्टँग अशी काही गरजली की मक्यातले पक्षी उडाले. एल्डन पडद्याकडे बघत नव्हता. तो डोळे मिटून ऐकत होता.

आवाज उतरला. कोल्टनने शीळ घातली.

"होलुब साहेब, हे कुणी बसवलंय? मर्यादेला खालून इतकं खेटून, की मध्ये कागद सरकणार नाही! आणि रेघ बघा, टेबलासारखी सपाट. कुठे उंचवटा नाही, खड्डा नाही."

"माझ्या बायकोने."

"भेटायला हवं त्यांना."

गस खाकरला. कोल्टनला कळलं, तो कानापर्यंत लाल झाला. एल्डनने त्याच्या खांद्यावर थोपटलं. "असू दे रे. तिला आवडलं असतं." तो पडद्यासमोर येऊन त्या रेघेकडे बघत राहिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्याने पुसलंही नाही. तिचं गणित चुकलं नव्हतं. तिने त्याचं जे वजन धरून गणित मांडलं होतं, ते त्याला राखता आलं नव्हतं.

कोल्टनला काहीतरी करून चूक भरून काढायची होती. त्याने लगबगीने वायर उचलली. "उद्याच्या शर्यतीची काळजी करू नका. दोन मिनिटांचं काम. वरची थोडी ताकद उतरवतो, म्हणजे तुमच्या आताच्या वजनाला बरोबर बसेल."

"नको."

"अहो, काही बिघडणार नाही. नंतर परत होतं तसं करता येतं."

"कोल्टन," एल्डन म्हणाला, आवाज न चढवता, "तिने लावलंय ते कमी करायचं नाही. ती वायर ठेव खाली."

त्याने ठेवली.

"मग उद्या धावणार कसा?" पर्लने विचारलं.

"वजन भरीन."

"एका रात्रीत?" गस म्हणाला. "माझी लोला डुक्कर भाजतेय, पण तेवढं एकट्याने खाल्लंस तर बाकीचे तुला फाडतील." म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता आपल्या ट्रेलरकडे निघाला. एल्डन मागोमाग गेला.

ट्रेलरच्या कोपऱ्यात, जुन्या टायरांमागे, गसच्या शिशाच्या पाट्या रचलेल्या होत्या. तळहाताएवढ्या, काळपट. "या ने. बोल्टही देतो. तुझ्या पाट्यांच्या शेजारी बसतील, जागा आहे तिथे. पर्लने किती म्हटलं, चाळीसच्या वर ना?" तो एकेक पाटी उचलून एल्डनच्या हातांवर ठेवायला लागला. "धर. ही एक. ही दुसरी. पाठ सांभाळ."

पहिली काही वाटली नाही. दुसरीला कोपरं खाली गेली. शेवटची ठेवली तेव्हा एल्डन एक पाऊल मागे झोकांडला आणि ट्रेलरच्या दाराला टेकला. आयुष्यभर त्याने शेतातले पंप उचलले होते, वजन त्याला नवीन नव्हतं. तरी तो हातांतल्या शिशाकडे बघत राहिला.

"इतका, गस?"

गसने एक नजर त्याच्याकडे टाकली आणि लगेच बोल्टांच्या डब्यात हात घालून शोधायला लागला. "हं," तो म्हणाला. "इतका."

बाहेरून लोलाची हाक आली, ताटं मांडली म्हणून. एल्डनसाठीही मांडलंय, हे तिने दोनदा ओरडून सांगितलं.

"ठेव ते खाली आता," गस म्हणाला. "जेवून मग लावू."

"ठेवतो," एल्डन म्हणाला. "थांब जरा."

पण त्याने ते लगेच ठेवलं नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरून तो तसाच उभा राहिला.