भातावरची वाफ

जुने जपानी कौटुंबिक चित्रपट धुऊनपुसून नव्या डिस्कवर आणणाऱ्या स्टुडिओत ती कामाला होती. पाण्यानं धुवायचं नसतं काही, सगळं कॉम्प्युटरवर. पण काम डोळ्यांत तेल घालून करण्याचं. फिल्मवरचा एकेक ओरखडा, धुळीचा एकेक कण हुडकून काढायचा, आणि तोही असा की खाली माणसाचा चेहरा होता तसाच राहायला हवा.

या वेळचा चित्रपट एका विधवा आईचा होता. मुलं पांगलेली, आई एकटी. वर्षातून एकदा सगळे येणार म्हणून ती भाताचं मोठं पातेलं चढवते, झाकण काढते आणि दाराकडे बघत बसते. बस, एवढाच प्रसंग. कोणी बोलत नाही.

साफ केलेली प्रत तपासताना ती याच प्रसंगापाशी अडली. काहीतरी चुकत होतं. तिनं मूळ स्कॅन शेजारी लावलं, तेव्हा उलगडा झाला. भातावरची वाफ कॉम्प्युटरनं धूळ समजून पुसून टाकली होती.

दोन्ही चित्रं कागदावर छापून ती साहेबांकडे गेली. भिंगाशिवाय ते वर्तमानपत्रही वाचत नसत, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना भिंगकाका म्हणत.

"वाफच ना ती?" साहेब म्हणाले. "वाफ उडून जायचीच. डिस्क छपाईला जायची आहे बाई. कोणाच्या लक्षात येणार आहे?"

"साहेब, वाफ नाही तर भात शिळा दिसतो. पोरं इतक्या दिवसांनी घरी येणार आणि आई त्यांना शिळा भात वाढणार?"

साहेबांनी भिंग लावून दोन्ही चित्रं पाहिली. बराच वेळ पाहिली.

"शनिवारपर्यंत," ते म्हणाले. "त्यापुढे माझ्या हातात नाही."

मग तिनं तो प्रसंग मूळ स्कॅनवरून पुन्हा घेतला आणि कॉम्प्युटरला हात लावू न देता स्वतः साफ केला. वाफेतून जाणारा ओरखडा काढायचा, वाफ ठेवायची. धुक्यातून केस वेचावा तसं काम. मान आखडली, डोळे चुरचुरले. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "अगं, एवढ्यात खरा भात शिजवून झाला असता." शनिवारी दुपारी वाफ पुन्हा पातेल्यातून वर चढू लागली, तेव्हा तीच मैत्रीण खुर्ची ओढून शेजारी बसली आणि प्रसंग संपेपर्यंत उठली नाही.

डिस्क छापून घरी आली त्या रविवारी नवऱ्यानं ती लावली. सासूबाई भाजी निवडायला घेऊन बसल्या होत्या. खालची अक्षरं वाचायला चष्मा लागतो, तो त्यांनी आणलाच नाही. "आईमुलांचं आहे ना, कळेल मला," म्हणाल्या.

तो प्रसंग आला. सासूबाईंचे हात थांबले.

"भात गरम आहे तोवर या म्हणावं पोरांना," त्या पडद्यातल्या बाईकडे बघत पुटपुटल्या.

नवरा सांगायला गेला, "आई, ती वाफ हिनं..." तिनं त्याला डोळ्यांनी गप्प केलं. जे ऐकायचं ते ऐकून झालं होतं. अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

पण नवरा कसला ऐकतोय. शेवटी नावांची पाटी आली तशी त्यानं चित्र थांबवलं आणि सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी चष्मा मागवला. टीव्हीला नाक टेकेल इतक्या जवळ जाऊन सुनेचं नाव वाचलं, आणि तडक आपल्या बहिणीला फोन लावला.

"आमच्या सुनेनं केलाय तो सिनेमा," त्या सांगत होत्या. पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"काय केलं म्हणजे? अगं, काही केलंय असं वाटतच नाही, इतकं चांगलं केलंय."