दामलेकाकांचा पासवर्ड

“हे चौथं कलम जरा मऊ करा, हेमाताई,” म्हणत आमोदने कागद परत तिच्याकडे सरकवला.

चौथे कलम हेमाने तीनदा खोडून लिहिले होते. ‘आपला पासवर्ड कोणालाही, अगदी वरिष्ठांनाही, सांगू नये. मागणाऱ्यावर कारवाई होईल.’

“‘वरिष्ठांनाही’ काढून टाका. आणि मागणाऱ्यावर कसली कारवाई? देणाऱ्यावर करा ना. तो का देतो?”

“मागणारा वरचा असतो, सर. म्हणून देतो.”

आमोद हसला. मालकांचा मुलगा, अमेरिकेत दोन वर्षे शिकून आलेला; हसणे तेवढे चांगले शिकला होता. जर्मन गिऱ्हाइकाने करार करण्याआधी पासवर्डचे लेखी धोरण मागितले, तेव्हा त्याने ते काम तपासणी विभागातल्या हेमा गद्रेच्या गळ्यात मारले. कारण काय, तर हेमाताईंचे अक्षर चांगले! संगणकावर अक्षराचे काय लोणचे घालायचे, हे विचारायची सोय नव्हती.

हेमाने मात्र ते काम जीव ओतून केले, कारण तिला दामलेकाका विसरता येत नव्हते.

वारज्याच्या त्या कारखान्यात दवाखान्यातल्या ऑक्सिजनच्या नळ्यांना लागणारे व्हॉल्व्ह बनत. संगणक आल्यापासून तपासनिसाने आपला पासवर्ड घालून ‘पास’ म्हटल्याशिवाय माल गेटाबाहेर जात नसे. पण पासवर्ड म्हणजे गुपित, हे कुणाच्या डोक्यातच नव्हते. गावाला जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवावी, तसा रजेवर जाणारा माणूस आपला पासवर्ड ठेवून जाई. सगळ्यांच्या चिठ्ठ्या कीबोर्डखाली चिकटवलेल्या असत. खंडेनवमीला संगणकांना हळदकुंकू लावताना त्या चिठ्ठ्यांनाही एकेक बोट लागे.

यज्ञेश्वर दामले मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेले, तेही असेच. “अडलं तर बघा हो,” एवढेच म्हणून गेले. त्याच आठवड्यात गळका लॉट त्यांच्या नावाने पास झाला आणि रजा संपायच्या आतच गिऱ्हाइकाकडून बोंब झाली. काका लग्नाच्या लाडवांचा डबा घेऊन कामावर आले होते. त्यांच्या हातात चौकशीचे पत्र ठेवले गेले. त्या दिवशी आमोद त्यांच्या खुर्चीत बसलेला मी पाहिला, असे हेमाने चौकशीत त्याच्या तोंडावर सांगितले. “स्क्रीनवर काय होतं ते दिसलं का तुम्हाला?” असे तिलाच विचारण्यात आले. दिसले नव्हते. काका रजेवर होते, पण पासवर्ड त्यांचा म्हणून जबाबदारीही त्यांचीच, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, असा निवाडा झाला आणि सगळी हयात तिथे घालवलेला माणूस घरी बसला. आता कोथरूडला भाजी घेताना हेमा दिसली, की काकाच आधी मान खाली घालतात. चोर गाडीतून फिरतो आणि ज्याची चोरी झाली तो तोंड लपवतो! त्या आठवणीने तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

“बरं, तुमचं कलम राहू दे,” आमोदने घड्याळ पाहत कागदावर फर्रकन सही ठोकली. “जर्मन लोक खूश होतील. आता तुम्ही अडवलेला तो लॉट सोडा. ट्रक उभा आहे.”

“तो गळतोय, सर.”

“मायनर आहे हो. पुढच्या वेळी ॲडजस्ट करू.”

“पेशंटला सांगू का, पुढच्या वेळी श्वास घ्या म्हणून?”

आमोदचे हसू मावळले. “हे बघा, तुम्हाला जमत नसेल तर पासवर्ड सांगा, मी करतो. तुमची पॉलिसी सोमवारपासून लागू आहे. आज शुक्रवार.”

सहीची शाई अजून वाळली नव्हती. हेमाला त्या क्षणी तो कागद त्याच्या तोंडावर फेकावासा वाटला. त्याऐवजी ती उठली आणि तरातरा आपल्या टेबलाशी गेली. तोही मागोमाग आला. कीबोर्ड उलटा करून तिने हळदीचे बोट लागलेली चिठ्ठी उपटली, फाडली आणि नवा पासवर्ड घालायला बसली.

“हेमाताई, नोकरीचा विचार करा.”

“केलाय. घरी दोन पोरं आहेत माझी, विचार केल्याशिवाय चालत नाही. काढायचं तर काढा. पण काकांना त्यांच्याच नावाने काढलंत, तसं नाही चालायचं. मला तुमच्या नावाने काढा. तुमच्या सहीने.”

आजूबाजूच्या टेबलांवरची टकटक थांबली. आमोद तिच्या खांद्याशी उभा राहून बोटांकडे बघत होता. हेमाने दोन्ही हात मांडीवर घेतले.

“तोंड तिकडे करा.”

“काय?”

“पासवर्ड घालतेय. दुसऱ्याने बघायचा नसतो. दुसरं कलम. आत्ताच सही केलीत त्याच्यावर.”

कुणीतरी खोकले. सगळे आपल्याकडे बघत आहेत, हे आमोदला कळले. तो लालबुंद झाला आणि शेवटी वळला.

तिकडे दामलेकाकांची खुर्ची होती. काकूंनी शिवलेली उशी अजून तिच्यावर तशीच होती. काका घरी बसल्यापासून तिथे कुणी बसले नव्हते. आमोद त्या खुर्चीकडे तोंड करून उभा राहिला. हेमाने सावकाश एकेक अक्षर दाबले, लॉटपुढे ‘नापास’ असे लिहिले आणि खाली आपले नाव उमटलेले पाहिले. तरीही तिने त्याला लगेच वळायला सांगितले नाही.