उभा थर, आडवा थर

आम्रपालीनं ताटातल्या भातात पापडाचा तुकडा उभा खोवला.

“अन्नाशी खेळू नको गं,” सोजरबाई ओट्याजवळून म्हणाल्या.

“खेळत नाही, आई. अप्पांना दाखवतेय.”

चिंचवडच्या ऑफिसात ती खाणींचे आराखडे करायची. तिनं मांडलेला अहवाल आज मंजूर झाला होता. डोंगर फोडायची मोठी खाण आता होणार नव्हती. त्या आनंदात संत तुकाराम नगरच्या घरी ती पेढे घेऊन आली, तर तिच्या अप्पांनी, कोंडीरामनं विचारलं, काम मोडल्याचे पेढे कसले?

“खनिज भरपूर आहे, पण असं पातळ नि उभं. वरून खणलं तर जेवढं खोल जाऊ तेवढा दोन्ही अंगांचा दगड काढत बसायचं. परवडतच नाही. बोगद्यातून थोडंफार काढतील. वरचं गाव मात्र राहिलं जागेवर.”

कोंडीरामचा घास हातातच राहिला होता. “आन् आडवं असलं तर?”

तिनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवून त्यावर थोडा भात पसरला. “मग काय, वरचं खरवडलं की झालं. बॉक्साइट असंच असतं बऱ्याचदा.”

“आमच्या सड्यावर, त्या डोंगरावरच्या सपाट माळाला, बॉक्साइटच हुतं.”

कोल्हापूरकडच्या त्या वाडीचा विषय तो सहसा काढत नसे. खाणीसाठी वाडी उठली, तेव्हा जमीन द्यायच्या कागदावर पहिला अंगठा त्याच्या वडिलांनी दिला होता. भावकीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. कोंडीराम पिंपरीला कंपनीत लागला, तो वडील होते तोवर तिकडं फिरकलाच नाही.

“म्हंजे बानं न्हाई म्हटलं असतं तर?”

आम्रपालीनं भाकरीवरचा भात बोटानं सपाट केला. “थोडं लांबलं असतं, अप्पा. पण इतक्या वर, इतकं सपाट पसरलेलं... कुणी सोडलं नसतं.”

“त्यो म्हणायचा, पोरा, जमीनच तशी हाय. मला वाटायचं, सबब सांगतोय.”

मग कोंडीराम स्वतःशीच हसला.

“पवायला लई पटाईत हुता बा. मला पाठीवर घिऊन डोह पार करायचा. आन् मधीच बुडी मारायचा, मुद्दाम!”

सोजरबाईंनी गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत त्या खाली येऊन बसल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात सासऱ्यांविषयी त्याच्या तोंडून त्या पहिल्यांदाच काही चांगलं ऐकत होत्या.

“मग?” त्यांनी विचारलं.