बिनटाक्याचं ऑपरेशन

खळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पारोळा तालुक्यातलं हे गाव एरवी दुपारचं पेंगत असायचं; त्या दिवशी पार एरंडोलकडून ट्रॅक्टर अन् टेम्पो भरभरून माणसं आली होती. बिनटाका महाराज माणसाचं काळीज दुरुस्त करणार होते. सुरी नाही, सुई नाही, भूल नाही!

खाटेवर मंदाबाई पडली होती. उशाशी तिचा थोरला भाऊ धनसिंग, गावात पिठाची गिरणी चालवणारा. लहानपणी सांधे सुजून ताप आला, त्यात मंदाच्या काळजातली एक झडप आकसून गेली. पाण्याचा हंडा आणला तरी ती धापा टाकत उंबऱ्यावर बसायची. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या चालू केल्या होत्या आणि मुंबईच्या इस्पितळाला चिठ्ठीही दिली होती. पण मुंबई लांब, आणि महाराज दारात.

"मुंबईचे डॉक्टर काय करतात?" महाराज गरजले. "मांडीच्या शिरेतून नळी घालतात, काळजापर्यंत नेतात, तिथं फुगा फुगवतात अन् झडप उघडतात. त्यांना यंत्र लागतं, वीज लागते. आमचं बोट हीच नळी, आमचा श्वास हाच फुगा! बोला, मुंबई पाहिजे की महादेव?"

"महादेव!" खळं दुमदुमलं.

धनसिंगची मान ताठ झाली. हे शब्द त्याचेच होते! डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते त्याने दळण घ्यायला आलेल्या बायाबापड्यांना गिरणीत कितीदा तरी रंगवून सांगितलं होतं. महाराजांचा चेला रोज तिथंच पायरीवर बिडी ओढत बसायचा. आजवर पोटातले खडे काढणारा महाराज एकाएकी काळजावर कसा आला, असा प्रश्न धनसिंगला पडायला हवा होता. त्याला वाटला तो अभिमान! मी म्हणत होतो तेच महाराजही म्हणतात!

महाराजांनी तांब्यातल्या पाण्याने मंदाची छाती ओली केली, घडी केलेल्या पिवळ्या फडक्याने रगडली. फडकं लाल झालं, छाती लाल झाली. बायांनी डोळे झाकले. हे पाणी कुठलं, असं धनसिंगच्या ओठांवर आलं होतं; पण भोवतालची गर्दी बघून त्याने ते मागे घेतलं. महाराजांनी कातडीला चिमटा घेतला, बोटं आत शिरल्यासारखी केली आणि एक बुळबुळीत तुकडा वर काढला.

"ही सडकी झडप!" तुकडा धुनीत गेला. लाल फडकं मंदाच्या हातात आलं. "याची पूजा कर. गोळ्या आजपासून बंद. देवाच्या कामात डॉक्टरची लुडबूड नको."

घरी आल्यावर मंदाने हळूच विचारलं, "भाऊ, मन्या गोळ्यास्नं काय?"

"आते काय करनं त्यास्नं? दख, मुंबईवाला करतस तेच महाराजनी करं!" असं म्हणत धनसिंगने स्वतःच्या हाताने गोळ्या उकिरड्यावर फेकल्या.

पहिले काही दिवस मंदाला खरंच हलकं वाटलं. मनाला वाटतं तसं शरीरही थोडा वेळ नाचतं. पोळा आला तोवर तिचे पाय सुजले, ओठ निळे पडले, आडवं झालं की जीव गुदमरू लागला. जीपमध्ये घालून तिला धुळ्याला नेलं.

त्याच डॉक्टरीण प्रमिलाबाईंनी आधी ऑक्सिजन लावला, सुई दिली. मग धनसिंगकडे वळल्या. "गोळ्या कधीपासून बंद?"

"पण बाई, झडप तर निघाली! मी डोळ्यांनी पाहिली."

बाई रागावल्या नाहीत. स्टेथोस्कोप त्याच्या कानाला लावून नळीचं टोक आधी त्याच्याच छातीवर ठेवलं. धक-धक, स्वच्छ. मग मंदाच्या छातीवर. तिथं सैल पट्ट्याने फिरणाऱ्या गिरणीसारखी घरघर होती.

"झडप जागेवरच आहे. तशीच आकसलेली. उपटली असती तर खाटेवरच गेली असती ती."

"मंग रगत?"

मंदाच्या गाठोड्यातून फडकं निघालं. बाई म्हणाल्या, "रक्त वाळलं की काळं पडतं. हे कुंकवासारखं लाल कसं?" आणि त्यांनी त्यावर लिंबू पिळलं. लाल डाग डोळ्यांदेखत पिवळा झाला.

ऑक्सिजनची नळी बाजूला सारत मंदा पुटपुटली, "भाऊ... हयद शे ही!"

हळदच. फडक्याला हळद, तांब्यात चुन्याची निवळी. आणि ती झडप म्हणजे फडक्याच्या घडीत लपवलेला बोकडाच्या आतड्याचा तुकडा. खळ्यातल्या प्रत्येक बाईने घरी हळदीला चुना लागून लाल झालेला पाहिला होता. तिथं एकीलाही ते आठवलं नाही.

मुंबईत तपासणी झाली. तिथले डॉक्टर म्हणाले, "फुग्याने झडप उघडणं आता शक्य नाही. काळजाच्या कप्प्यात गुठळी झालीय. नळी लागून ती सुटली, तर मेंदूत जाईल. रक्त पातळ ठेवायची गोळी कुणी बंद केली?"

महाराजांचं नाव धनसिंगच्या जिभेवर आलं होतं. ते गिळून तो म्हणाला, "मी."

टाका न घालता सुटली असती ती बाई. आता तिच्या छातीचं हाड करवतीने कापलं, गुठळी काढली, झडप काढून धातूची बसवली. मंदा वाचली.

ती गावी आली तेव्हा खळ्यात पुन्हा गर्दी होती. महाराज सांगत होते, "मंदाबाई बघा, आमच्या हातची!"

धनसिंग कळशी घेऊन पुढे झाला. "महाराज, माझी छाती घ्या. पाणी माझ्या घरचं, फडकं माझ्या घरचं."

"अपवित्र पाणी चालत नाही!"

"मग तुमच्या तांब्यात लिंबू पिळलेलं चालेल?"

महाराजांनी तांब्या पायाने लवंडला आणि ते जीपकडे निघाले. तरी म्हातारी झुंबरबाई म्हणालीच, "पण तुनी बहीण वाचनी ना रे भो! महाराजनीच कृपा ती."

मंदा पुढे आली. तिने पदर जरा खाली घेतला. गळ्याखालून उभा, लाल, जाड व्रण निघाला होता. "आक्का, ही दखा कृपा."

झुंबरबाईने जवळ येऊन त्या व्रणावरून बोट फिरवलं. मग धनसिंगकडे वळली. "मंग तू तिले का बरं आनं व्हतं आठे? तू तं शिकेल-सवरेल!"

धनसिंगला मान वर करता येईना. "माले विचारानी लाज वाटनी, आक्का. वाटनं, बठ्ठा लोके काय म्हनतीन."

त्या दिवशी खळ्यात शेकडो माणसं होती आणि प्रत्येकाला दुसऱ्याची लाज वाटत होती. महाराजांचा धंदा त्या लाजेवरच चालतो. तेव्हा बाबांनो, लाज सोडा आणि तोंड उघडा. पाणी कुठलं, फडकं कुणाचं, एवढं विचारा. आणि देव विचारलेलं सहन करत नाही असं कुणी म्हणालं, तर आपल्या माणसाला खाटेवरून उचला आणि दवाखान्याची वाट धरा.