बाएसा झरा

मी क्रिसांतो बाएसा, प्लंबर माणूस. बत्तीस वर्षं टेक्सासच्या या वाळवंटी उद्यानाची पाइपलाइन सांभाळली. खोटं बोलायची मला सवय नाही. एकदाच गप्प बसलो, तर ते नकाशावर छापून आलं.

कामाला लागलो त्याच वर्षी टेकडीवरच्या मेन लाईनचा एक जॉइंट बदलायचा होता. पाइप चिकटवायचं सोल्युशन संपत आलेलं, गाव दोन तासांवर, आणि घरी ओफेलिया, माझी बायको, जेवायची थांबलेली. डब्याच्या तळाशी होतं तेवढं बोटाने खरवडून लावलं, वर माती लोटली आणि घर गाठलं. दोन महिन्यांनी टेकडीखालच्या कपारीतून पाणी झिरपायला लागलं. मी फावडं उचललं, पण त्याआधीच पक्षी बघायला आलेल्या दुर्बीणवाल्या बायकांना तिथे लाल पक्षी दिसला होता. "झरा सापडला, झरा सापडला!" तेव्हाचे साहेब तर इतके खूश झाले की पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. आता कुठल्या तोंडाने सांगणार?

पुढे तिथे कॉटनवूडचं झाड उगवलं आणि चांगलं तीन मजली झालं. लीलंड नावाचा आमचा वाटाड्या दर शनिवारी लोकांना तिथे न्यायचा आणि हॅट काढून सांगायचा, "हे पाणी दहा हजार वर्षं जुनं आहे." मला मागे उभं राहून खोकला यायचा. कारण ते पाणी आदल्या दिवशीच मी विहिरीतून पंपाने टाकीत चढवलेलं असायचं.

यंदा मात्र विहिरीने हात आखडला. टाकी रोज दोन फूट उतरायला लागली. लाईन पन्नास वर्षांची, जागोजागी कुजलेली. मी चौदा जॉइंट बदलले, तरी टाकी उतरतच होती. टटलबाई, म्हणजे आमच्या मुख्य अधिकारी, म्हणाल्या, "क्रिसांतो, गळती सापडली नाही तर सोमवारपासून तंबूतळ बंद." पर्यटक तंबू ठोकतात ती जागाच बंद म्हणजे तिथलं ओफेलियाचं दुकानही बंद, आणि तिचा सगळा जीव त्या दुकानात. त्याच दिवशी लीलंड नाचत आला. "क्रिसांतो, चमत्कार! एवढ्या दुष्काळात झरा वाढलाय! बोटाएवढी धार होती, आता मनगटाएवढी!"

टाकीतलं पाणी कुठे चाललंय ते मला कळलं. त्यात शनिवारी माझ्या निवृत्तीचा समारंभ, आणि तोही झऱ्याकाठी.

त्या सकाळी न्याहारीला मी ओफेलियाला सगळं सांगून टाकलं. टॉर्टिया तव्यावर जळाली तरी ती हलली नाही.

"म्हणजे म्हाताऱ्या, बत्तीस वर्षं मी तुझ्या गळक्या पाइपासमोर मेणबत्त्या लावतेय?"

"हो."

"आणि ते पाणी आणून तुझे गुडघे चोळलेत!"

"म्हणून तर बरे झाले नाहीत."

तिने झारा उगारला, मग हसत सुटली, आणि हसता हसता एकदम रडायला लागली. "दुकान जाईल रे," म्हणाली. मला माझीच लाज वाटली.

दहा वाजता झाडाखाली खुर्च्या मांडलेल्या. एका पाटीवर टॉवेल टाकलेला. टटलबाई बोलायला उभ्या राहिल्या. "बत्तीस वर्षांत क्रिसांतोचा एकही जॉइंट गळला नाही. म्हणून या झऱ्याला आम्ही त्याचं नाव देतोय." त्यांनी टॉवेल ओढला. पाटीवर रंगवलं होतं, 'बाएसा झरा'.

टाळ्या चालू असतानाच मी उठलो. "एक मिनिट," म्हणालो, टेकडी चढलो आणि मेन लाईनचा व्हॉल्व्ह बंद करायला घेतला. बावीस फेरे. खाली आलो तेव्हा घामाने निथळत होतो. सगळे माझ्याकडे बघत होते. धार बारीक झाली, तुटक झाली, थांबली.

"झरा गेला!" लीलंड किंचाळला.

"गेला नाही, मी बंद केला," मी म्हणालो. "हा जॉइंट माझा आहे. पहिल्याच वर्षीचा."

लीलंडने हॅट काढली आणि तशीच तोंडावर धरली. टटलबाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. हसत होत्या. "पाटी रंगवून झालीये," त्या म्हणाल्या. "राहू दे."

सोमवारी मी तो जॉइंट नव्याने बसवला. या वेळी सोल्युशनचा डबा भरलेला होता. टाकी चढली, तंबूतळ चालू राहिला, ओफेलियाचं दुकानही. पण पंधरा दिवसांत झाडाची पानं पिवळी पडली आणि त्यावरून ओफेलिया माझ्याशी बोलेनाशी झाली.

आता आमच्या धुण्याचं पाणी मी फेकून देत नाही. पिंपात भरतो, ट्रकवर चढवतो, आणि एक दिवसाआड बादली बादली करत झाडाला घालतो. लाल पक्ष्याने पुन्हा घरटं बांधलंय.

लीलंड अजून शनिवारी लोकांना तिथे आणतो. परवा एका बाईने पाटी वाचून विचारलं, "पण झरा कुठाय?"

लीलंडने घड्याळ बघितलं. "येईल एवढ्यात," तो म्हणाला. "गुडघे दुखतात त्याचे."